६३० आणि २२०० मीटर: ओहायोतल्या परसातून लो फ्रिक्वेन्सीच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. वीज कंपन्यांच्या युटिलिटीज टेक्नॉलॉजी कौन्सिलला कळवून तीस दिवस संपले आणि त्यांच्याकडून काही हरकत आली नाही, म्हणजे आजपासून ६३० मीटर आणि २२०० मीटर ह्या दोन्ही बँडवर ट्रान्समिट करायला मी मोकळा. इकडे अमेरिकेत ह्या बँडना एक वेगळीच अट आहे. वीज कंपन्या त्यांच्या हाय टेन्शन लाईनींवरूनच ह्या फ्रिक्वेन्सीच्या आसपास कंट्रोलचे सिग्नल पाठवतात, म्हणून आपल्या अँटेनाचे अक्षांश रेखांश आधी त्यांच्या संस्थेला कळवायचे, आणि तसली लाईन एक किलोमीटरच्या आत असली तर परवानगी मिळत नाही. आम्ही डेटनपासून तासाभरावर, मका आणि सोयाबीनच्या शेतांमधे राहतो, तशी मोठी लाईन जवळपास नाही.

ज्यांनी आजवर फक्त चाळीस मीटर, वीस मीटर असे शॉर्टवेव्हचे बँडच वापरलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २२०० मीटर म्हणजे १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ, हा हॅम लोकांना जागतिक पातळीवर २००७ च्या परिषदेत मिळाला. ६३० मीटर म्हणजे ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ, तो २०१२ मधे. अमेरिकेत प्रत्यक्ष वापरायला २०१७ उजाडलं. पॉवरची मर्यादा इथे ईआयआरपी मधे, म्हणजे सगळ्या दिशांना सारखं रेडिएट करणारी काल्पनिक अँटेना धरून मोजतात, ६३० वर ५ वॉट आणि २२०० वर १ वॉट. ऐकायला फार कमी वाटतं, पण परसातल्या अँटेनातून तेवढी काढणं हेच मुख्य काम आहे, ते पुढे आकड्यांत दिसेलच.

ह्या नोंदींमधे एक आकडा मी सुरुवातीपासून लिहीत जाणार आहे, तो म्हणजे अँटेना रेझोनन्सला आणल्यावर, म्हणजे फ्रिक्वेन्सीशी जुळवल्यावर, उरणारा लॉस रेझिस्टन्स, पॉवर वाया घालवणारा रोध, किती ओहम ते. लो फ्रिक्वेन्सीला सगळी लढाई जमिनीशी असते असं माझं मत आहे, ट्रान्समीटर दुय्यम, सॉफ्टवेअर त्याहून दुय्यम.

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार

अँटेना चढली. दोन मोठे ओक आहेत मागे, त्यांच्यामधे दोन समांतर तारा, एक मीटर अंतर ठेवून, प्रत्येकी २४ मीटर लांब, आणि मधोमध खाली येणारी १२ मीटरची उभी तार. टी आकार. वरच्या तारा स्वतः फारसं काही रेडिएट करत नाहीत, त्यांचं काम कपॅसिटी वाढवायचं, म्हणजे उभ्या तारेतला करंट वरपर्यंत जवळजवळ तेवढाच राहतो. झाडांना तार थेट बांधलेली नाही, मधे नायलॉनची दोरी आणि प्लॅस्टिकचे इन्सुलेटर, कारण ह्या तारेवर हजारो व्होल्ट येणार आहेत.

हिशोब असा. ६३० मीटरच्या लांबीपुढे १२ मीटर म्हणजे काहीच नाही. परिणामकारक उंची साडेनऊ मीटर धरली तर रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे प्रत्यक्ष हवेत जाणाऱ्या पॉवरचा हिस्सा, येतो साधारण ०.३६ ओहम. आता जमिनीत, कॉइलमधे, झाडांमधे जाणारे समजा ५०-६० ओहम असतील, तर शंभर वॉट घातल्यावर जेमतेम अर्धा पाऊण वॉट हवेत जातो, बाकीचे सगळे माती गरम करतात. २२०० मीटरला तर हाच आकडा ०.०३ ओहमवर येतो. हे एकदा कागदावर मांडलं की कळतं की ह्या बँडवर लोक अर्थिंगबद्दल इतकं का बोलतात.

कपॅसिटी मोजली, २७० पिकोफॅरड. म्हणजे ४७५ किलोहर्ट्झला रेझोनन्ससाठी जवळपास ४१५ मायक्रोहेन्रीची कॉइल लागणार.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

कॉइल झाली. पाच गॅलनची प्लॅस्टिकची बादली, तिच्यावर घराच्या वायरिंगची साधी तांब्याची तार, ३६ वेढे. आत एक छोटी कॉइल दांडीवर फिरती ठेवलीय, तिला व्हेरिओमीटर म्हणतात, ती फिरवली की एकूण इंडक्टन्स थोडा कमीजास्त होतो आणि रेझोनन्स हलवता येतो. हे लागतंच, कारण बँडविड्थ अगदी अरुंद आहे आणि पाऊस पडला, वारा सुटला, पानं ओली झाली की अँटेना हलते. फिरवायला जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या स्टँडमधली गिअरवाली मोटर लावली, घरातून बटण दाबून फिरते. सगळं एका मोठ्या झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत, उंदीर आणि कोळी आत जाऊ नयेत म्हणून भोकांना जाळी.

अर्थिंग सध्या फक्त चार तांब्याच्या कोटिंगच्या सळ्या, आठ आठ फुटी. इथली माती चिकणमाती, सळी सुरुवातीला लोण्यासारखी जाते आणि चार फुटांनंतर घण मारून हात भरून येतात.

लॉस: ६२ ओहम. शंभर वॉटला १.२७ ॲम्पिअर, म्हणजे ईआयआरपी (ह्या अँटेनाला हवेत जाणाऱ्या पॉवरच्या साधारण तिप्पट) पावणेदोन वॉटच्या आसपास.

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

ॲम्प्लिफायर तयार आहे पण हवेत जायच्या आधी हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल, बघितले. क्लास डी, दोन मॉसफेट पुश पुल, एफिशियन्सी ९० टक्क्यांच्या जवळ, हीटसिंक जेमतेम कोमट होतो. पण स्क्वेअर वेव्ह म्हणजे हार्मोनिक आलेच, आणि ४७५ चं दुसरं हार्मोनिक ९५०, तिसरं १४२५ किलोहर्ट्झ, दोन्ही सरळ एएम ब्रॉडकास्ट बँडच्या मधे. शेजारचे आजोबा ट्रॅक्टरवर दिवसभर एएम लावून असतात. तेव्हा लो पास फिल्टर भरभक्कम केलाय आणि एक पोर्टेबल रेडिओ घेऊन कुंपणापर्यंत चालत जाऊन दोन्ही फ्रिक्वेन्सी ऐकल्या, काहीही नाही, स्वच्छ.

रिसीव्हरची बाजू उलटी आहे. सिनसिनाटीचं ७०० किलोहर्ट्झवरचं डब्ल्यूएलडब्ल्यू स्टेशन इथे प्रचंड जोरात येतं. हेच ते स्टेशन ज्याने १९३४ ते १९३९ मधे ५०० किलोवॉटवर प्रक्षेपण केलं होतं, आता ५० किलोवॉट आहे, पण माझ्या ऐकण्यासाठीच्या ॲक्टिव्ह व्हिप अँटेनाला तेवढेही फार होतात, रिसीव्हर भरून जातो. ५२० च्या वर सगळं कापणारा फिल्टर रिसीव्हरच्या आधी टाकल्यावर खालचा बँड एकदम शांत झाला, आणि मग त्या शांततेत विमानांना दिशा दाखवणारे एअरपोर्टचे बीकन एकामागून एक वर आले, आपापल्या नावाची अक्षरं मोर्समधे सांगत. मला हे बीकन ऐकायला फार आवडतात. एक एक करून बंद होतायत, त्यामुळे ज्याला ऐकायचेत त्याने ह्याच हिवाळ्यात ऐकावेत.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

हवेत गेलो!

डब्ल्यूएसपीआर, सगळे विस्पर म्हणतात. जो टेलर ह्यांनी २००८ मधे आणलेला मोड, हे तेच टेलर ज्यांना १९९३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. कॉलसाईन (स्टेशनची ओळख), ग्रिड (नकाशावरचा चौकोन) आणि पॉवर, सगळं मिळून ५० बिट, आणि ते पाठवायला जवळजवळ दोन मिनिटं. पूर्ण सिग्नल फक्त ६ हर्ट्झ रुंद. इतक्या सावकाश पाठवल्यामुळे नॉइजच्या २८ डेसिबल खाली असलेला सिग्नलही डीकोड होतो, म्हणजे नॉइजच्या सहाशेव्या हिश्शाएवढी पॉवर. कानाला तिथे काहीही ऐकू येत नाही.

दुपारी पहिलं ट्रान्समिशन. दिवसा डी लेअर, म्हणजे आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा थर, वर जाणारं सगळं खाऊन टाकते त्यामुळे फक्त जमिनीलगतची लाट, तरी इंडियाना, मिशिगन, केंटकी मिळाले, सगळ्यात लांब ४०० किलोमीटरच्या आसपास. मग सूर्य मावळला आणि ऐकणाऱ्या स्टेशनांच्या रिपोर्टांचा इंटरनेटवरचा नकाशा उघडत गेला. आधी पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क, तिथे अंधार आधी पडतो, मग फ्लोरिडा, मग टेक्सास, रात्री अकरानंतर कोलोरॅडो. अंधाराची कड पश्चिमेकडे सरकते तशी रिपोर्टांची यादीही पश्चिमेकडे सरकते हे समोर घडताना बघणं, मी खुर्चीवरून उठलोच नाही.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीत बँड ऐकू येणं बंद झालं होतं, कारण सरळ आहे, घरभर एलईडीच्या माळा आणि प्रत्येकीचा छोटा पॉवर सप्लाय ४७५ च्या आसपास कचरा ओततो. माळा काढायचा प्रश्नच नव्हता, आकाशकंदील आणि माळा पाडव्यापर्यंत राहणार, म्हणून रात्री सगळे झोपल्यावर माळा बंद करून मग ऐकायचं असं ठरलं. आज माळा उतरल्या तरी एक भनभन शिल्लक होती. छोटा एएम रेडिओ हातात धरून घरभर फिरलो, आतल्या फेराइट रॉडमुळे रेडिओ फिरवला की आवाज कुठून येतो ते कळतं, आणि तो सापडला गराजमधल्या दिव्यात. दिवा बदलला, नॉइज ८ डेसिबलने खाली. आठ डेसिबल म्हणजे जगातल्या प्रत्येक स्टेशनने आपली पॉवर सहापट केल्यासारखं, एका दिव्याच्या बदल्यात.

दुसरं काम, रिसीव्ह अँटेनाच्या कोॲक्स केबलला मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि तिची स्वतःची वेगळी अर्थिंग सळी. घरातला कचरा कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीवरून अँटेनापर्यंत चालत जातो, तो तिथे तोडायचा. ज्यांच्याकडे नॉइज आहे त्यांनी अँटेना बदलायच्या आधी हे करून बघावं.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

रेडियल, म्हणजे अँटेनाच्या बुडापासून चहूकडे पसरलेल्या अर्थिंगच्या तारा. आवारात जमतील तेवढे, सोळा तारा, दहा ते पंधरा मीटर, गवतावर पसरून यू आकाराच्या पिनांनी दाबल्या. वसंतात गवत त्यांना पोटात घेतं, मग मशीन चालवलं तरी लागत नाही.

लॉस: ४७ ओहम. ६२ वरून ४७.

संध्याकाळी शेजारच्या आजोबांनी कुंपणापलीकडून विचारलं की ह्या तारा कशाच्या. सांगितलं, जमीन जितकी चांगली तितका सिग्नल जास्त. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की माझं सोयाबीन निघालंय, एप्रिलपर्यंत शेत मोकळंच आहे, तिकडे ने तुझ्या तारा. मला काय बोलावं सुचेना. त्यांच्या शेताची ती बाजू माझ्या अँटेनापासून बारा मीटरवर सुरू होते आणि पुढे अर्धा किलोमीटर नुसतं सपाट रान.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

शेतात बारा रेडियल, प्रत्येकी साठ मीटर. मुलगा रीळ घेऊन पुढे चालत होता, मी मागून खुंटाच्या दोन ओळींच्या मधे तार दाबत होतो, अंधार पडेपर्यंत.

लॉस: ३४ ओहम. शंभर वॉटला आता १.७ ॲम्पिअर, ईआयआरपी ३.२ वॉट. ट्रान्समीटरला हातही न लावता सुरुवातीच्या जवळपास दुप्पट सिग्नल. ५ वॉटची मर्यादा २.१५ ॲम्पिअरला येते, अँटेनाच्या बुडाशी करंट मीटर कायम लावलेला आहे आणि त्यावर २.१ ला लाल रेघ मारलीय.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

मामाशी फोनवर बोललो, तो चिपळूणला असतो. मामा मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होता. त्याला म्हटलं मामा मी ४७५ किलोहर्ट्झवर आहे, तर पलीकडे एकदम शांतता आणि मग, "म्हणजे पाचशेच्या शेजारी?"

५०० किलोहर्ट्झ. जहाजांची संकटाची आणि हाक मारायची फ्रिक्वेन्सी, मोर्समधे, जगभर. १९९९ च्या फेब्रुवारीत जीएमडीएसएस, म्हणजे जहाजांच्या संकटसंदेशांची नवी यंत्रणा, पूर्णपणे लागू झालं आणि हे मोर्सचं पर्व संपलं. मामाने सांगितलं की रेडिओ रूमच्या घड्याळावर दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ ह्या मिनिटांचे तुकडे लाल रंगवलेले असायचे, त्या तीन तीन मिनिटांत ५०० वर कोणीही बोलायचं नाही, फक्त ऐकायचं, न जाणो एखादं बुडणारं जहाज हलक्या पॉवरवर हाक मारत असेल. अरबी समुद्रातून परत येताना मुंबई रेडिओ, कॉलसाईन व्हीडब्ल्यूबी, कानावर पडला की घर जवळ आलं असं वाटायचं म्हणे. "किल्लीवरचा हात ओळखू यायचा रे. माणूस बदलला तर दोन अक्षरांत कळायचं."

मग विचारलं, तुझ्या त्या कॉम्प्युटरच्या सिग्नलात कोण बोलतंय ते कळतं का? मी म्हटलं नाही मामा, फक्त कॉलसाईन. "मग एकदा तरी हाताने पाठव."

८ डिसेंबर २०२४, रविवार

काल रात्री हाताने पाठवलं. ४७४ किलोहर्ट्झ, स्ट्रेट की (मोर्सची साधी किल्ली), सीक्यू, म्हणजे कोणीही उत्तर द्या अशी हाक. शनिवारची रात्र असल्यामुळे लोक होते. पहिलं उत्तर ओंटॅरिओतून, मग व्हर्जिनिया, मग मिनेसोटाचा एकजण इतका हलका की मधेमधे आकाशातल्या कडकडाटात बुडत होता, तरी नाव, गाव, रिपोर्ट, सगळं दोन्हीकडून पूर्ण झालं. इथला मोर्स हळू असतो, कोणालाच घाई नाही, फेडिंग खोल आणि सावकाश असतं, सिग्नल मिनिटभर पूर्ण गायब होऊन परत येतो, म्हणून एकच गोष्ट दोनदा तीनदा पाठवायची पद्धत आहे.

रेकॉर्डिंग मामाला व्हॉट्सॲप केलं. त्याने मिनेसोटावाल्याचं अर्धं वाक्य, जे मला लागलं नव्हतं, ते काढून पाठवलं. मिनेसोटावाल्याची अँटेना १५ मीटरची आहे म्हणे.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

युरोप!

रात्रभर विस्पर चालू, पाचातलं एक ट्रान्समिशन, बाकी वेळ ऐकणं. लॅपटॉप फोनवरून बंद करता येतो, कंट्रोल आपल्या हातात हवा हा नियम आहे. इथल्या वेळेप्रमाणे रात्री एकच्या आसपास इंग्लंडच्या दोन स्टेशनांनी उचललं, उणे २६ आणि उणे २९ डेसिबल. सहा हजार किलोमीटरच्या वर, तीन वॉटने, मधे अख्खा अटलांटिक. थोड्या वेळाने कॅनरी बेटांवरून पण एक. तिकडे सूर्योदय झाला तसे सिग्नल एका मागोमाग एक मिटले.

पहाटे उलट बाजू उघडली, सिएटलकडचे जोरात, आणि सकाळी सहानंतर, इथे उजाडायच्या थोडं आधी, हवाई, ७,००० किलोमीटर. हे सगळं हिवाळ्यातच होतं कारण रात्र मोठी, आणि मुख्य म्हणजे आपल्या गोलार्धात विजांची वादळं कमी. उन्हाळ्यात ह्या बँडवर कडकडाटाशिवाय काही ऐकू येत नाही.

४ जानेवारी २०२५, शनिवार

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी जोरदार भूचुंबकीय वादळ झालं, जी४, म्हणजे पाचातल्या चौथ्या पातळीचं. तेव्हापासून युरोप पूर्ण बंद. विशेष म्हणजे वादळ ओसरलं, चुंबकीय आकडे नॉर्मल झाले, तरी बँड परत आलेला नाही. वादळात पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय पट्ट्यांत अडकलेले वेगवान इलेक्ट्रॉन त्यानंतर कित्येक दिवस खाली झिरपत राहतात आणि रात्रीसुद्धा खालच्या थरात आयनायझेशन टिकवून ठेवतात, म्हणजे रात्रीही दिवसासारखी शोषणारी डी लेअर. इथून इंग्लंडचा सरळ रस्ता उत्तरेकडून, ऑरोराच्या पट्ट्याजवळून जातो त्यामुळे तो आधी मरतो. दक्षिणेकडे फ्लोरिडा, कॅरिबियन मात्र नेहमीपेक्षाही बरे येतायत. एचएफ, म्हणजे शॉर्टवेव्ह वाले दुसऱ्या दिवशी परत कामाला लागतात, आपल्याला थांबायला लागतं.

२२ जानेवारी २०२५, बुधवार

कडाक्याची थंडी, उणे पंधराच्या खाली. ह्या महिन्याच्या सुरुवातीला पडलेला बर्फ अजून शेतावर आहे आणि माती दगडासारखी.

लॉस: २९ ओहम!

आजवरचा सगळ्यात कमी. मला वाटतं ह्यात झाडांचा वाटा मोठा आहे. अँटेनाच्या आजूबाजूचं इलेक्ट्रिक फील्ड झाडांतून जातं, झाडातला रस वाहता असला की ती एक लॉसी कपॅसिटर होते, गोठला की ते नुकसान थांबतं. जमीन वरून गोठल्यामुळे आकडा वाढेल अशी माझी अपेक्षा होती, पण मीटर उलट सांगतोय आणि गेले काही दिवस मी रोज सकाळी तापमान आणि ओहम दोन्ही वहीत लिहितोय, दोन्ही बरोबरच खाली गेलेत. युरोपही परत आलाय, काल रात्री इंग्लंडबरोबर आइसलँड.

तारेवर मात्र बर्फ धरला की दोन तीन किलोहर्ट्झ खाली सरकते आणि व्हेरिओमीटर गोठून बसतो. पेटीत एक १५ वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवलाय, आता फिरतो.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

२२०० ची तयारी. १३७ किलोहर्ट्झला ह्याच अँटेनाला लागणारी कॉइल बारापट मोठी, ५ मिलिहेन्री. दुसरी बादली, १४० वेढे, जवळजवळ १३० मीटर तार. इथे लिट्झ वायर वापरली, बारीक बारीक इन्सुलेटेड धाग्यांची पिळलेली तार, कारण ह्या फ्रिक्वेन्सीला करंट तांब्याच्या वरच्या ०.१८ मिलिमीटरमधूनच वाहतो, जाड एकसंध तारेचा गाभा फुकट जातो. कॉइलच्या वरच्या टोकाला दीड ॲम्पिअरला सहा हजाराच्या वर व्होल्ट येतात. रात्री दिवे बंद करून पॉवर हळूहळू वाढवली आणि पेटीच्या तोंडाशी निळी ठिणगी दिसते का ते बघितलं, एका टोकदार सोल्डरवर दिसली, ते घासून गोल केलं.

कॉइल करताना स्वीडनच्या ग्रिमेटनचा विचार डोक्यात होता. १९२० च्या दशकातलं लाँगवेव्ह स्टेशन, १७.२ किलोहर्ट्झ, २०० किलोवॉट, ट्रान्समीटर म्हणजे चक्क फिरणारं यंत्र, अलेक्झांडरसनचा अल्टरनेटर, अजून चालतो आणि २००४ पासून जागतिक वारशात आहे. तिथे १२७ मीटरचे सहा मनोरे आहेत. आता त्यांची वेव्हलेंग्थ १७.४ किलोमीटर, तिच्या मानाने मनोरा ०.७ टक्के. माझी १२ मीटरची तार २२०० च्या मानाने ०.५५ टक्के. म्हणजे प्रमाणात बघितलं तर आम्ही एकाच अडचणीत आहोत. आणि अलेक्झांडरसनचा उपाय मला फार सुंदर वाटतो, वरच्या लांब तारांना एकाच ठिकाणी खाली आणायचं नाही, प्रत्येक मनोऱ्याशी एक उभी तार, प्रत्येकीला स्वतःची कॉइल आणि स्वतःची अर्थिंग. जमिनीतला करंट एका जागी गर्दी करत नाही, वाटला जातो, आणि तोटा त्या प्रमाणात उतरतो.

आपल्याकडची गोष्ट ह्याला जोडूनच आहे. ब्रिटिश साम्राज्याला जोडायला असेच महाकाय लाँगवेव्ह मनोरे उभे करायचे असं आधी घाटत होतं, पण मार्कोनी कंपनीने शॉर्टवेव्ह बीमने तेच काम फार कमी पॉवरमधे करून दाखवलं, आणि १९२७ मधे भारताचं बीम स्टेशन सुरू झालं, ट्रान्समीटर पुण्याजवळ खडकीला आणि रिसीव्हर दौंडला. लाँगवेव्हचा काळ उतरणीला लागला त्यात खडकी आणि दौंडचाही हात आहे. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना खडकीवरून रोज लोकलने जायचो, तेव्हा हे कोणी सांगितलं नाही ह्याचं मला आज खरंच वाईट वाटतं.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

२२०० वर लॉस: ८८ ओहम, कॉइल धरून. २०० वॉट घातले की दीड ॲम्पिअर, आणि हवेत जाणारी पॉवर ६६ मिलिवॉट. ईआयआरपी ०.२ वॉट. मर्यादा एक वॉटची आहे, तिच्या पाचव्या हिश्शावर मी उभा आहे.

विस्परने रात्री पेनसिल्व्हेनिया, टेनेसी, विस्कॉन्सिन. ह्या बँडचा स्वभाव वेगळा आहे, दिवस रात्रीतला फरक कमी, फेडिंग फार संथ, पंधरा वीस मिनिटांचं एक आवर्तन.

९ मार्च २०२५, रविवार

गेले दोन आठवडे एफएसटी४डब्ल्यू हा मोड, १८०० सेकंदवाला. विस्परसारखेच ५० बिट, पण ते पाठवायला अर्धा तास. हा उणे ४४ डेसिबलच्या आसपास उतरतो, म्हणजे नॉइजच्या पंचवीस हजाराव्या हिश्शाएवढा सिग्नल. टोनमधलं अंतर एक दशांश हर्ट्झहूनही कमी, त्यामुळे अर्धा तासभर फ्रिक्वेन्सी जागची हलता कामा नये, दोन्हीकडे जीपीएसला बांधलेला ऑसिलेटर हवा. रात्रभरात मोजके स्लॉट मिळतात. पाठवायचं, झोपायचं, सकाळी बघायचं.

शुक्रवारी सकाळी बघितलं तर कॅलिफोर्निया, उणे ३९, सलग दोन स्लॉट. काल रात्री त्याच्या जोडीला ब्रिटिश कोलंबिया, उणे ४१. ६६ मिलिवॉट रेडिएट होऊन रॉकी पर्वत ओलांडून तीन हजार किलोमीटर, आणि पलीकडच्या माणसाच्या स्क्रीनवर माझं कॉलसाईन.

२३ मार्च २०२५, रविवार

बर्फ वितळलं, पाऊस, शेतात घोट्यापर्यंत चिखल, ओकच्या कळ्या फुगल्यात. ६३० वर लॉस: ४१ ओहम. दक्षिणेकडून विजांचा कडकडाट रोज रात्री थोडा वर येतोय, काल रात्री इंग्लंडचा एकच रिपोर्ट.

आज शेतातले रेडियल गुंडाळले. आजोबा पेरणीला एप्रिलअखेर सुरुवात करतील पण त्याआधी नांगर फिरेल. ते स्वतः येऊन खुंटात अडकलेल्या तारा मोकळ्या करून देत होते आणि विचारत होते की इंग्लंडपर्यंत गेलं का, म्हटलं हो, आइसलँड आणि हवाईला पण. सोयाबीन निघालं की परत टाक म्हणाले.

शेतातले रेडियल काढल्यावर लॉस: ५३ ओहम.

उन्हाळ्यात दुसरी उभी तार उतरवायची आहे, वरच्या तारांच्या पूर्वेकडच्या टोकापासून, स्वतःची कॉइल आणि स्वतःच्या सळ्यांसकट, अलेक्झांडरसनच्या पद्धतीने. दोन्ही कॉइल एकत्र ट्यून करणं किचकट आहे, एक हलवली की दुसरी सरकते, त्यासाठी दोन्ही बुडांशी वेगळे करंट मीटर लागतील. तिसऱ्या बादलीची आणि लिट्झ वायरच्या रिळाची ऑर्डर आज दिली.